कोसदऱ्याच्या बोटीखालचा पत्रा

पोलीस ठाणे निंबदरी, जिल्हा यवतमाळ
अकस्मात मृत्यू चौकशीकामी जबाब
दिनांक १५ नोव्हेंबर २००६

नाव धम्मरत्न बाबाराव मनवर, वय ४६ वर्षे, धर्म बौद्ध, धंदा कूलर बनविणे व पत्र्याची इतर कामे, राहणार दारव्हा, बस स्थानकामागे, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे की, मी वरील पत्त्यावर राहतो. दुकान पुढे व घर मागे आहे. घरात मी एकटाच असतो. माझी पत्नी सत्यशीला ही मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली, ती सध्या तेथेच आहे. सध्या म्हणजे किती दिवस, असे विचारल्यावरून सांगतो की, त्या बाळाला आता शाळेत घातले आहे. आमच्यात भांडण नाही.

मयत श्रावण शिवरकर, वय अंदाजे साठ, हे कोसदरा धरणावर बोट चालवीत होते. माझी व त्यांची जुनी ओळख नव्हती. ते दसऱ्यानंतर एके दिवशी माझ्या दुकानात आले. यंदा उन्हाळ्यात कूलर कमी गेले. कापसाला भाव नव्हता, त्यामुळे लोकांनी वाळ्याच्या ताट्या बदलून जुनेच कूलर चालविले. न विकलेले कूलर दुकानात एकावर एक ठेवलेले होते. श्रावण यांनी त्यातील एकाच्या टाकीत हात घालून बूड चाचपून पाहिले. मी भाव सांगू लागलो तर ते म्हणाले, "मले कूलर नाही पाह्यजे. मिस्तरी, तुमी कूलरातलं पाणी बाहेर येऊ देत नाही. मले बाहेरचं पाणी आत येऊ द्याचं नाही. जमते काय?"

मी त्यांना बसावयास सांगितले व त्यांनी मला बोटीची हकीकत सांगितली. ती अशी की, कोसदरा गाव धरणात गेल्यावर नवीन गावठाण अलीकडच्या काठावर बसले. लोकांची उरलेली शेते पलीकडच्या काठावर राहिली. रस्त्याने जायचे तर मोठा फेरा पडतो. म्हणून गावकऱ्यांनी दुसऱ्या एका धरणावर पर्यटकांना फिरविण्यासाठी आणलेली व नंतर पडून राहिलेली पाँटून बोट आणली. पाँटून बोट म्हणजे दोन्ही टोके बंद केलेल्या दोन लांब, जाड नळ्या व त्यावर बसविलेला लाकडी तक्ता. मागे पेट्रोलचे लहान इंजिन आहे. गावात तिला नुसते तक्ता म्हणतात. श्रावण हे जातीने भोई, पूर्वी नदीत डोंगा चालवीत, म्हणून बोट त्यांच्याकडे देण्यात आली. वेचणीच्या बाया सकाळी शेतात न्यायच्या व संध्याकाळी कापसासह परत आणायच्या, असे त्यांचे काम होते.

बोटीची अडचण अशी होती की, तक्त्याखाली दोन नळ्यांच्या मधली जागा उघडी होती. तक्ता तोलून धरणारे आडवे लोखंडी चॅनल तेथे दिसत. वारा सुटला की लाट त्या चॅनलवर आपटे आणि पाणी फळ्यांच्या फटीतून वर येई. बाया स्वतः ओल्यात बसणे चालवून घेत, परंतु कापसाची गाठोडी खालून भिजत. ओला कापूस व्यापारी बाजूला काढतो. आधीच भाव नाही, त्यात हे, म्हणून बाया चालू बोटीत गाठोडी मांडीवर घेऊन बसत. श्रावण म्हणाले, "साऱ्याजणी लेकरावाणी धरून बसतात मिस्तरी. मले समोर पाहून चालवनं होत नाही."

मी काम घेतले. आधी बोट कधी पाहिली होती काय, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. पण पत्र्याचे काम पत्र्यासारखेच असते.

अॅल्युमिनियमचे पत्रे, ते जोडायच्या रिबिटी व हातड्रिल मी जीपने कोसदऱ्यापर्यंत नेले व तेथून मच्छीमारांच्या डोंग्यातून पलीकडे. श्रावण यांची झोपडी पलीकडच्या काठावर एकटीच आहे. गाव अलीकडे असताना ते तिकडे का राहत, हे मी त्यांना विचारले होते. बोट तिकडे बांधायला जागा चांगली आहे असे ते म्हणाले. जागा अलीकडेही चांगली आहे, हे मी नंतर पाहिले.

वेचणीला अजून जोर नव्हता. बैलजोड्या लावून बोट पाण्याबाहेर ओढली व ओंडक्यांवर आणि रिकाम्या टिपांवर, म्हणजे पिंपांवर, ठेवली. खाली माणूस उताणा झोपून हात चालवू शकेल एवढी जागा होती. काळ्या मातीवर पोती अंथरून मी एका बाजूने व श्रावण दुसऱ्या बाजूने आत शिरत असू. एक जण पत्रा तळहातांनी व गुडघ्यांनी वर दाबून धरी आणि दुसरा भोक पाडून रिबिट मारी. पत्रे मागून लावत पुढे आलो, म्हणजे पुढच्या पत्र्याची कड मागच्या पत्र्यावर खालून चढते व पाणी सांध्यात शिरत नाही. घरावर कौले घालतात तसेच, फक्त पालथे. सर्वांत पुढे पत्र्याला वर वळवून नाक केले. फटीतून काही पाणी वरून गळालेच तर ते निघून जावे म्हणून मागे बारीक भोके ठेवली. कामात घाई केली नाही. एकही रिबिट मी सैल सोडली नाही.

शेवटची जीप दुपारीच जाते, म्हणून काम संपेपर्यंत मी श्रावण यांच्याकडेच मुक्काम केला. जेवण तेच करीत. भाकरी, ठेचा आणि कधी झिंगे. मी पहिला घास घेईपर्यंत ते ताटाला हात लावीत नसत.

बोटीखाली आमचे काय बोलणे झाले, असे विचारल्यावरून सांगतो की, विशेष काही नाही. दोघेही उताणे असल्याने एकमेकांचे तोंड दिसत नसे. पत्राच दिसे. त्यांनी मला विचारले, "मिस्तरी, घरी कोण कोण हाय?"

मी म्हणालो, "हायेत सगळे."

"कोठी?"

"नागपूरले."

दोन रिबिटी मारून झाल्यावर ते म्हणाले, "माही शीला सुरतले हाय. जावई साडीच्या कारखान्यात हाय. तिले येनं होत नाही." बायको वारली असे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. मीही मग दुसऱ्या दिवशी सत्यशीलाचे सांगितले. ती फोनवर चांगली बोलते, कधी येणार हे मी विचारत नाही आणि ती सांगत नाही, एवढेच.

पत्रा जसजसा पुढे बसत गेला तसा बोटीखालचा आवाज बदलत गेला. बोललेले पत्र्यावर आपटून परत येई. श्रावण यांना त्याची मोठी गंमत वाटली. "पाहा मिस्तरी, आता बोललं का कोणीतरी वापस बोलते," असे ते म्हणाले. त्यांनी "ओ श्रावण" अशी हाक मारली व स्वतःच "काय गा" असे उत्तर दिले. आम्ही दोघे पुष्कळ हसलो. हसल्याचे लिहिण्याची गरज नाही असे लिहून घेणारे हवालदार म्हणाले. तरी झाले ते सांगितले.

काम झाल्यावर बोट पाण्यात सोडली. तिचा थडथड आवाज बंद झाला व ती पूर्वीपेक्षा हलकी चालू लागली. वेचणीच्या बायांनी पहिल्या दिवशी गाठोडी फळ्यांवर ठेवून पुन्हा पुन्हा खालून हात लावून पाहिला. त्यांच्यातील कोकिळाबाई मारोतराव डाखोरे म्हणाल्या, "बाई व, कोरडंठाक हाय." त्यानंतर श्रावण यांनी मला अलीकडच्या काठावर सोडले. उतरताना ते म्हणाले, "वेचनी जोरात आली का एक दिवस च्या प्याले येजो." तोपर्यंत ते मला तुमी म्हणत, त्या दिवसापासून तू म्हणू लागले.

परवा सोमवार दिनांक १३ रोजी मी कोसदऱ्यास का गेलो, असे विचारल्यावरून सांगतो की, पत्रा कसा बसला ते पाहण्यास गेलो. कामाबाबत तक्रार आली होती काय, नाही. हिशेब बाकी होता काय, नाही. मग दारव्ह्याहून दोन जीपा बदलून फक्त पत्रा पाहण्यास कोणी जाते काय, असे विचारल्यावरून सांगतो की, मी चहाला गेलो होतो.

सकाळी मी काठावर पोहोचलो तेव्हा बोट अलीकडे लागलेली होती व बाया चढत होत्या. कोकिळाबाईंबरोबर त्यांची सून प्रेरणा होती. तिला दिवस गेलेले दिसत होते. श्रावण तिला म्हणाले, "काहून आलीस व पोरी अशा अंगानं?" कोकिळाबाई म्हणाल्या, "अजून महिना बाकी हाय भाऊ. मजूर भेटत नाही, घरचंच वेचन हाय. बसूनच वेचते थे." श्रावण यांनी तिला पुढे सावलीत बसविले. मधल्या वाटेत त्यांनी इंजिनाचा दांडा माझ्या हाती दिला. दांडा डावीकडे नेला की बोट उजवीकडे वळते हे मला आधी उमगले नाही. बाया हसल्या. वाटेत पाण्याबाहेर वाळलेल्या झाडांचे शेंडे होते. ते जुन्या गावातील असल्याचे श्रावण यांनी दाखविले. कालव्याला पाणी सोडल्याने धरण उतरले होते, त्यामुळे शेंडे जास्त दिसत होते. रोजची वाट त्या झाडांना लांबून वळसा घालून जाते.

त्या दिवशी मी झोपडीत चहा घेतला. मग बोटीखाली हात घालून पत्रा चाचपला, तो ठीक होता. तेवढे झाल्यावर माझे तेथे काही काम नव्हते. तरी थांबलो. श्रावण जाळे विणीत बसले व मी त्यांच्या झोपडीच्या दाराला एक जुनी पत्र्याची पट्टी ठोकून दिली.

दुपारनंतर चारच्या सुमारास कोकिळाबाई प्रेरणाला धरून काठावर आल्या. तिच्या कळा सुरू झाल्या होत्या व लुगड्यावर रक्त दिसत होते. बाकीच्या बाया दूरच्या शेतात होत्या. त्यांची वाट न पाहता श्रावण यांनी बोट सोडली. बोटीवर श्रावण, मी, कोकिळाबाई व प्रेरणा असे चौघेच होतो. सकाळच्या वेचणीची गाठोडी बोटीवर आणून ठेवलेली होती. त्यांवर प्रेरणाला झोपविले. वारा सुटला होता. पाणी वर येत नव्हते.

ती फार ओरडत होती. थोडे अंतर गेल्यावर श्रावण म्हणाले, "वळसा घेतो तं लई उशीर होईन. सरळ काढतो." मी त्यांना अडविले नाही. ते पाणी त्यांचे होते. मी त्यातले काय सांगणार.

जुन्या गावातील एका वाळलेल्या चिंचेजवळून जाताना बोट खाली कशावर तरी चढली व थांबली. पुढची बाजू आधी वर उचलली गेली, मग ती खाली झुकली व मागची बाजू वर आली. इंजिन पाण्याबाहेर येऊन मोकळे फिरू लागले, म्हणून श्रावण यांनी ते बंद केले. पाण्याखालच्या एका जाड आडव्या फांदीचा वर उठलेला बाक दोन नळ्यांच्या मध्ये शिरला होता व त्यावर बोट मधोमध बसली होती. आम्ही दोघांनी बांबू लावून रेटले. मी मागे जाऊन उभा राहिलो, मग पुढे. बोट हलेना. लाटा एका बाजूने येत होत्या व प्रत्येक लाटेला बोट त्या बाजूला झुकत होती. कोकिळाबाई सुनेचे डोके मांडीवर घेऊन माझ्याकडे पाहत होत्या.

श्रावण यांनी दुपट्टा कमरेला बांधला व ते पाण्यात उतरले. मी उतरतो असे मी म्हणालो होतो. ते म्हणाले, "तुले पोहता येते काय?" मला येत नाही. "मंग वरतून बांबू लाव. मी खालून खांदा देतो." त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर पाय देऊन ते छातीइतक्या पाण्यात उभे राहिले व तक्त्याखाली वाकून खांदा पत्र्याला लावला. मला त्यांचे डोके दिसत नव्हते. त्यांचा आवाज पत्र्याखालून येत होता. "आता लाट आली का दोघंही," असे ते म्हणाले.

लाट आली आणि बोट निघाली. ती हळूहळू सरकेल असे मला वाटले होते. तशी ती सरकली नाही. मधून मागेपर्यंत पत्रा फांदीवरून एकदम घसरत गेला, त्याचा लांब आवाज झाला आणि वाऱ्याने बोट पुढे ढकलली. मी तोल जाऊन गाठोड्यांवर पडलो. उठून मागे पाहिले तेव्हा श्रावण बरेच मागे होते. त्यांनी चिंचेचा शेंडा एका हाताने धरला होता.

मी ओरडून विचारले, "लागलं काय?"

ते म्हणाले, "नाही बाप्पा. चांगला हाय मी. इंजिन चालू कर."

कोकिळाबाई म्हणाल्या, "भाऊ, त्याईले घ्या ना पह्यले!" मी इंजिनाची दोरी ओढली. ते लगेच सुरू झाले नाही. सुरू झाले तेव्हा मी दांडा वळवून बोट मागे फिरवू लागलो. श्रावण यांनी ते पाहिले व मोठ्याने ओरडले, "वापस फिरवू नको! पुन्हा चढन झाडावर. पोरीले ने पह्यले. मी बसतो ना अठीच, मले कोठी जाचं हाय?"

त्यानंतर मी बोट सरळ अलीकडच्या काठाकडे नेली. मला कोणी सांगितले म्हणून नेली की माझ्या विचाराने, असे विचारल्यावरून सांगतो की, त्यांनी सांगितले आणि मी नेली. मी मागे पाहिले काय, हो, दोन वेळा पाहिले. दोन्ही वेळा ते शेंड्याला धरून होते. त्यांचा दुसरा हात मला पाण्याबाहेर दिसला नाही. त्या वेळी मला त्याचे काही वाटले नाही. पोहणारा माणूस आहे, असे वाटले.

काठावर कापसाची गाठोडी न्यायला आलेली, गावातील रामलाल यांची जीप उभी होती. तीत प्रेरणा व कोकिळाबाईंना चढविले व जीप ग्रामीण रुग्णालयाकडे गेली. काठावर दुसरे कोणी नव्हते. गावातील पुरुष मंडळी कापूस घेऊन बाजाराला गेली होती. जीप निघतानाच मी रामलाल यांना वाटेत मच्छीमारांना निरोप देण्यास सांगितले व थांबलो नाही. एकटाच बोट घेऊन मागे गेलो.

रोजची वाट मला माहीत नव्हती, म्हणून मी त्या चिंचेवर नजर ठेवून गेलो व झाड जवळ येताच इंजिन बंद करून बांबूने बोट पुढे नेली. शेंड्यावर कोणी नव्हते. एका फांदीला श्रावण यांचा दुपट्टा अडकलेला होता. मी हाका मारल्या. ते पोहत पलीकडच्या काठाला गेले असतील असे वाटून मी तिकडे पाहून हाका मारल्या. झोपडीचे दार दिसत होते. ते बंद होते. मी बांबूने पाण्यात शोधले. बांबू फांद्यांना लागे तेव्हा मला माणसाला लागला असे वाटे.

दिवस मावळण्यापूर्वी मच्छीमार दोन डोंगे घेऊन आले. त्यांच्यापैकी एकाने बुडी मारून श्रावण यांना वर काढले. ते त्याच झाडाच्या फांद्यांत होते. मी त्यांना बोटीवर घेतले. बोट चालविणारे दुसरे कोणी नव्हते, म्हणून काठापर्यंत मीच चालविली. या वेळी मच्छीमारांचा डोंगा पुढे होता व त्यांनी मला वळशाच्या वाटेने आणले. पलीकडे राहिलेल्या बायांना दुसऱ्या डोंग्याने आणले.

शवविच्छेदनात मयताच्या उजव्या बाजूच्या फासळ्या मोडलेल्या आढळल्या, असे मला ठाणेदार साहेबांनी आज सांगितले. बोट घसरताना नळीचा मार लागला असावा. मला हे आज कळले. ते मला चांगला आहे असे म्हणाले होते.

काल झालेल्या बोटीच्या पंचनाम्याच्या वेळी मी हजर होतो. बोट काठावर ओढून खालून पाहिली. पत्र्यावर पुढून मागेपर्यंत एक लांब ओरखडा व मध्ये एक पोचा आहे. पत्रा कोठेही फाटलेला नाही. सांधा उघडलेला नाही. रिबिट तुटलेली नाही. गावातील काही लोक पत्रा निघाल्यामुळे अपघात झाला असे म्हणतात, ते बरोबर नाही.

मग अपघाताशी पत्र्याचा संबंध नाही काय, असे विचारल्यावरून सांगतो की, आहे. पूर्वीसारखे आडवे चॅनल उघडे असते तर फांदी दोन चॅनलांच्या मध्ये अडकली असती व एका माणसाच्या खांद्याने बोट निघाली नसती. आम्ही चौघेही मदत येईपर्यंत तेथेच राहिलो असतो. प्रेरणा वाचली असती की नाही, मला सांगता येत नाही. पत्रा गुळगुळीत होता म्हणून बोट निघाली. आणि गुळगुळीत होता म्हणून इतकी लवकर निघाली की श्रावण यांना बाजूला होता आले नाही. हे दोन्ही एकाच पत्र्याने झाले. म्हणजे पत्र्याचा दोष म्हणायचा की कसे, असे साहेबांनी विचारले. फासळ्यांचे कळल्यापासून मी त्याचाच विचार करीत आहे.

माझा कोणाविरुद्ध संशय नाही. कोणाविरुद्ध तक्रार नाही.

प्रेरणा हिला जीपमध्येच, रुग्णालयाच्या अलीकडे मुलगी झाली. बाळ बारीक आहे, पण दोघीही सुखरूप आहेत. सोमवारी रात्री श्रावण यांना त्याच रुग्णालयात आणले तेव्हा कोकिळाबाई व्हरांड्यात बसलेल्या होत्या. मला पाहून उठल्या व म्हणाल्या, "पोरगी झाली, मिस्तरी. श्रावणभाऊले सांगा." मी त्यांना काय म्हणालो ते मला आठवत नाही. नंतर त्या माझ्याशेजारी खाली बसल्या व सकाळपर्यंत बसून होत्या. मधून मधून आत जाऊन बाळाला पाहून येत व पुन्हा माझ्याजवळ बसत.

मयताचे नातेवाईक कोण, असे विचारल्यावरून सांगतो की, मला फक्त मुलगी शीला माहीत आहे. तिचा नंबर गावातील एका बाईकडे मिळाला. काल सकाळी शवविच्छेदनापूर्वी मी माझ्या मोबाईलवरून तिला फोन लावला. साहेबांनी आधीच कळविले असल्याने तिला बातमी होती. सुरतहून निघाली तरी ती आज रात्रीपूर्वी पोहोचणार नव्हती, आणि तोपर्यंत थांबता येणार नाही असे गावकऱ्यांचे ठरले होते. मी दारव्ह्याचा मनवर बोलतो असे सांगितले. माझे नाव तिला कळले नाही. पत्रा लावणारा, असे म्हटल्यावर ती म्हणाली, "हो दादा. बाबा सांगत होते. बोटीखाली झोपून दिवसभर गोष्टी करतो आमी, म्हनत होते."

मग तिने वडिलांनी सोमवारी काय खाल्ले ते विचारले. भाकरी व वांग्याची भाजी, असे मी सांगितले. चहा कितीदा झाला ते विचारले. तेही सांगितले. त्यांनी शेवटी काय म्हटले ते विचारले. मी बसतो अठीच, असे म्हटल्याचे मी सांगितले. त्यापुढचे सांगितले नाही.

नंतर ती म्हणाली, "दादा, फोन बाबाच्या कानाले लावता काय?"

शवविच्छेदनगृहाच्या कर्मचाऱ्याला मी विचारले. त्याने चादर तोंडावरून बाजूला केली व तो बाहेर गेला. मी फोन श्रावण यांच्या उजव्या कानाशी ठेवला. तो घसरत होता, म्हणून चादरीचे टोक दुमडून त्याला टेकण दिले. मग मीही बाहेर येऊन ओट्यावर बसलो. दार ओढून घेतले होते. आतून तिचा आवाज येत होता, परंतु शब्द कळत नव्हते व मी ते ऐकण्याचा प्रयत्न केला नाही. त्यामुळे ती काय बोलली याबाबत मला काही सांगता येणार नाही. पुष्कळ वेळाने मी आत गेलो, तेव्हा ती अजून बोलत होती. मी पुन्हा बाहेर येऊन बसलो.

याखेरीज माझे सांगणे नाही.

हा जबाब मी सांगितला तसा हवालदारांनी मराठीत लिहून घेतला. लिहिल्यावर मला सावकाश वाचून ऐकविला. मी तो शेवटपर्यंत ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरा आहे, म्हणून खाली सही करतो.

(सही) धम्मरत्न बाबाराव मनवर

समक्ष
(सही) पोलीस हवालदार
पोलीस ठाणे निंबदरी